महापौरांची प्रकृती

सार्वजनिक जीवनात माणसाची प्रकृती फार महत्त्वाची असते. आमच्या शहरात दोन्ही गटांचे नगरसेवक सारख्याच संख्येने निवडून आले आणि महापौर कोणाचा यावर एकमत होईना, तेव्हा या तत्त्वाचा प्रत्यय आला. चपलांचं दुकान चालवणारे एक ज्येष्ठ नगरसेवक फार दिवसांचे सोबती नाहीत, अशी बातमी फुटली. (त्यांच्या डॉक्टर मेहुण्यांनी ती गुप्त ठेवण्याच्या अटीवर सर्वांना सांगितली होती.) दोन्ही गटांना त्यांचे गुण एकदमच दिसले. निवड बिनविरोध झाली. अभिनंदनाच्या भाषणांत काही वक्त्यांनी चुकून भूतकाळ वापरला.

पण मरणाऱ्याला कसली भीड? महापौरांनी पहिल्याच आठवड्यात नवा रस्ता बुटाच्या टाचेने उकरून पाहिला. रस्ता टाचेबरोबर वर आला. त्यांनी ठेकेदाराचं बिल अडवलं.

"साहेब, पुढच्या निवडणुकीचा विचार करा," एक गटनेते म्हणाले.

"तो तुम्ही करा. मी नसणार."

यावर काय बोलावं, हे सभेच्या नियमावलीत नव्हतं. गटारं उपसली गेली. नळाला रोज पाणी येऊ लागलं. (सुरुवातीला नागरिकांनी घाबरून तक्रारी केल्या.) मेहुण्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या रस्त्यावर आल्या होत्या, त्याही पाडल्या.

मग दोन्ही गटनेते काळजीने महापौरांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. अजून किती दिवस, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"पित्त आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "तळलेलं बंद करा. नव्वदी गाठाल."

गटनेते मटकन खाली बसले. घरी महापौरीणबाईंच्या डोळ्यांना आनंदाने धार लागली. महापौर मात्र रात्रभर कूस बदलत राहिले. एवढं लांबलचक आयुष्य, आणि जवळपास सगळ्यांशी वाकडं!

"त्या ठेकेदाराला उद्या चहाला बोलावू," ते सकाळी म्हणाले.

"अहो, कालपर्यंत त्याला चोर म्हणत होतात!"

"कालपर्यंत मी मरत होतो."

बिल निघालं. दवाखान्याला दोन पायऱ्या जास्तच मिळाल्या. गटनेत्यांचा जीव भांड्यात पडला. महापौर यथावकाश तिसऱ्यांदा निवडून आले आणि आता तब्येतीला जपून असतात. ते समोरून गेले की लोक हळहळतात, "चांगला माणूस होता बिचारा."

वाचकहो, तुम्ही हसलात. तुमच्याही गल्लीतलं गटार तुंबलेलं आहे आणि त्याबद्दल तुम्ही अजून कोणाला चकार शब्दाने बोललेला नाहीत. काळजी नसावी. तुम्हीही शंभर वर्षं जगाल.