नियंत्रण गटातले झुलाल आबा

समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला समुदायाची नीट काळजी घेता यावी म्हणून त्याने आठवड्यातून दोन दिवस समुदाय सोडून जळगावला येऊन बसावं, असं परिपत्रक निघालं. तेव्हा वाघुळखेड्याच्या उपकेंद्रात सारिका झुलाल आबांच्या पायाला पट्टी बांधत होती. 'समुदाय आरोग्य व सामाजिक काळजी' या विषयाची पदव्युत्तर पदवी नसेल तर कंत्राट वाढणार नाही, असंही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सारिकाने पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि मोबाइलवर अर्ज भरून टाकला. करते काय बिचारी!

आबांचा पाय म्हणजे उपकेंद्राचं कायमचं काम. आधीच साखरेचा आजार, त्यात कपाशीच्या पराटीचं धसकट तळव्यात घुसलेलं. जखम दिवसाआड धुतली की गुमान बसायची, हयगय केली की चिघळायची. हे कळायला पदवी लागत नव्हती, पण पदवी नसताना कळलेलं सरकार धरत नाही.

पहिल्या सत्रात सारिका शिकली की रुग्णाला रुग्ण म्हणणं असभ्य आहे, त्याला 'काळजीचा सहप्रवासी' म्हणावं. दुसऱ्या सत्रात तिने सहानुभूतीच्या पायऱ्या पाठ केल्या. तिसऱ्या सत्रात प्रबंध आला. तिने विषय निवडला 'ग्रामीण भागातील जखमांची घरपोच काळजी', आणि मार्गदर्शक डॉ. जीवराम सर खूश झाले. सरांनी आयुष्यभर समुदायावर काम केलं होतं, आणि ते सगळं एका वातानुकूलित खोलीत बसून.

"उत्तम," सर म्हणाले. "जखमा असलेल्या लोकांचे दोन गट पाडा. एक सेवा गट. त्याला अभ्यासक्रमाप्रमाणे काळजी द्यायची. दुसरा नियंत्रण गट. त्याला काही द्यायचं नाही."

"काहीच नाही, सर?"

"काहीच नाही. तुलना कशाशी करणार मग? आणि कोण कोणत्या गटात, हे तुम्ही ठरवायचं नाही. ते नशिबानं ठरलं पाहिजे. शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना कळता कामा नये."

नशिबानं ठरवायचं म्हटल्यावर सारिका सरपंच तोताराम नानांकडे गेली. नानांना हे काम नवं नव्हतं. "आपला गावमा बठ्ठं चिठ्ठीवर चालस, ताई," नाना म्हणाले. घरकुल असो, शिलाई मशीन असो, नाव निघालं तो जिंकला. मारुतीच्या पारावर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. नियंत्रण गटाच्या चिठ्ठ्या आधी काढायच्या असं सारिकाने सांगितलं, आणि पहिलंच नाव निघालं झुलाल आबांचं.

पारावर टाळ्या पडल्या. तानुबाईने, म्हणजे आबांच्या बायकोने, पदर सावरून मारुतीला हात जोडले आणि समोरच्या दुकानातून पेढे मागवले. ज्यांची नावं निघाली नाहीत ते हात हलवत घरी गेले. एकाने तर चिठ्ठ्यांमध्ये घोळ झाल्याची तक्रार तहसीलला करतो म्हणून दम दिला. नानांनी सारिकाला बाजूला घेऊन, आपल्या चुलतभावाला या गटात मागच्या दाराने घेता येईल का, अशी चौकशी केली. त्याला जखम नव्हती, पण लागली तर करून घेईल म्हणाले.

"ताई, आते काय भेटी आमले?" तानुबाईने पेढा पुढे करत विचारलं.

"अक्का, काही नाही भेटणार," सारिका म्हणाली. सरांनी बजावलेलं होतं, तरी तिच्याने खोटं बोलवलं नाही.

"सरकारनं असंच ऱ्हास. पहिले काही नही म्हनतस, मंग देतस," तानुबाई हसून म्हणाली.

आणि मग काळजी सुरू झाली. सेवा गटातल्या माणसाकडे गेलं की आधी संमती घ्यायची, मग त्याचा जीवनप्रवास ऐकायचा, मग हसऱ्या-रडव्या तोंडांची चित्रं दाखवून 'आज तुम्ही यातलं कोणतं तोंड आहात?' असं विचारायचं. एका म्हाताऱ्याने सगळ्या तोंडांकडे निरखून पाहून यातला एकही आपल्या भावकीतला नाही असं सांगितलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. जखम धुणं शेवटच्या टप्प्यात होतं. त्या टप्प्याला पोचेपर्यंत पुढच्या घरची वेळ झालेली असायची, मग धुणं पुढल्या खेपेला ढकललं जायचं.

आबांच्या घरी मात्र पायाला हात लावायचा नव्हता. फक्त विचारायचं, एक ते पाचमध्ये दुखणं किती? पहिल्या खेपेला आबा म्हणाले दोन. नंतर तीन. पुढच्या खेपेला सारिका अंगणात पोचली तर तिला वास आला. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"पाच लिही ले," आबा म्हणाले. "पुढे आकडा नही ना तुन्हाकडे."

सारिकाला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती उपकेंद्रात परत गेली. गळ्यातलं ओळखपत्र काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, पिशवीत गॉज, कापूस आणि सलाईनची बाटली घेतली आणि भर दुपारी पुन्हा आबांच्या दारात उभी राहिली.

"आबा, मी आज सरकारी नाही," ती म्हणाली. "शेजारीण म्हणून आले."

"मंग हातमा कापूस कसाले शे?" तानुबाईने विचारलं.

"वाती वळायला. अक्का, पाणी उकळायला ठेवा."

त्यानंतर ती दिवसाआड शेजारीण म्हणून जाऊ लागली. तानुबाई तिला कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊ घालायची, आणि शेजारीण पाय धुऊन द्यायची. नियंत्रण गटातल्या बाकीच्या घरांनाही ती अशीच शेजारीण झाली. सेवा गटात मात्र प्रत्येक खेपेची नोंद व्हायची, तिथे शेजारीण होता येत नव्हतं. मनातून ती फार घाबरलेली असे, पण आबा काठी टेकत पारापर्यंत जाऊ लागले तेव्हा तिला नोकरी लागल्या दिवशीसुद्धा झाला नव्हता एवढा आनंद झाला.

निकाल आला आणि जीवराम सर खुर्चीतून उठले. सेवा गटाच्या जखमा चिघळल्या होत्या. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ते हिंडत-फिरत होते.

"सारिका मॅडम, तुम्ही इतिहास घडवला," सर म्हणाले. "सेवेचा अभाव हाच स्वावलंबनास पोषक! याला आपण अनुपस्थित काळजी म्हणू."

"सर, मी त्यांच्या पट्ट्या केल्या," सारिका म्हणाली. "चोरून. म्हणून बरे झाले ते."

सरांनी चष्मा काढून पुसला. "प्रबंधात नोंद आहे?"

"नाही."

"मग ते झालेलं नाही. आणि झालं असेल, तर तुमची पदवी झालेली नाही. पदवी झालेली नाही, तर कंत्राटही झालेलं नाही. आता सांगा, पट्ट्या झाल्या का?"

सारिकाने मनात हिशेब केला. घरी हप्ते होते, आईची औषधं होती. "नाही झाल्या, सर," ती म्हणाली. सुटल्यासारखं वाटलं तिला, आणि त्याचाच राग आला.

पुढे सगळं सरळ झालं. सारिका विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली आणि धुळ्याला अनुपस्थित काळजीची प्रशिक्षिका म्हणून रुजू झाली. ज्या गावावरून हे मॉडेल निघालं त्याचा मान म्हणून वाघुळखेडे स्वावलंबी घोषित झालं आणि उपकेंद्राला सन्मानपूर्वक कुलूप लागलं. धरणगावकडच्या चार-पाच गावांनीही आम्हाला हा मान कधी, म्हणून निवेदन दिलं.

पावसाळ्यानंतर एक दिवस तानुबाई आबांना रिक्षातून धरून उतरवत धुळ्याच्या प्रशिक्षण केंद्रात आली. पाय सुजून काळानिळा झाला होता.

"शेजारीन कोठे शे आम्हनी?" तिने शिपायाला विचारलं.

सारिका वर्ग सोडून धावत बाहेर आली. समुदाय आरोग्याच्या त्या दुमजली इमारतीत तिने गॉज शोधला. प्रोजेक्टर होता, फ्लेक्स होते, सहानुभूतीचे तक्ते होते. गॉज नव्हता. तिने बाटलीतल्या पाण्याने पाय धुतला, स्वतःची ओढणी फाडून बांधली आणि त्याच रिक्षात बसून आबांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी अंगठा काढला. पाय वाचला, एवढंच.

"रडू नको, माय," तानुबाई तिला म्हणाली. "तू मोठी व्हयनी, आमलेच आनंद शे. पन आते आम्हनं कोन करी?"

सारिकाने दुसऱ्याच दिवशी सगळं खरं लिहून, मॉडेल मागे घ्यावं असा अर्ज केला. नोकरी गेली तर गेली. उत्तर मात्र फार सभ्य भाषेत आलं. अनुपस्थित काळजी संपूर्ण राज्यात लागू करण्यापूर्वी जनतेकडून हरकती मागवल्या होत्या, मुदतीत एकही आली नाही, सबब जनतेची संमती गृहीत धरली आहे. जाहिरात सगळ्या दैनिकांत आली होती, आतल्या पानावर, राशीभविष्याच्या अगदी शेजारी. वाचकहो, तुमची रास त्या दिवशी चांगली होती, तुम्ही ती दोनदा वाचलीत.