सुपडूनानांची भेग

हुतूतूचा डाव सुरू व्हायच्या आधी सुपडूनाना धोतर खोचून, डोळे मिटून, अनवाणी मैदानभर चालत. नवख्याला वाटे, म्हातारा नवस फेडतोय. पण ते काटे, खडे आणि धसकटं शोधत असत. "डोया फसाडतस, पाय फसाडत नही," असं त्यांचं म्हणणं.

दोंडाईचा स्टेशनापासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा साहेबाचं राज्य होतं. मैदान म्हणजे शाळेमागचं काळं पडीक रान. उन्हाळ्यात ते असं भेगाळे की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जावा. त्यात वरून चार गडी पडले की हाड गेलंच. नाना त्या भेगा बुजवत. आत दादर ज्वारीचं भूस, वर नदीची रेती, मग पाणी आणि धुम्मसाचे ठोके. बुजवताना भेगेशी बोलतही. "मिट व माय तोंड. किती खाशी?"

मग पोरांची झडती. नखं कापलेली हवीत, अंगावर चांदी नको. काढलेली कडी-ताईत नाना सुतळीत ओवून स्वतःच्या गळ्यात घालत आणि पोळ्याच्या बैलासारखे वाजत फिरत. एकदा शाळा तपासायला आलेले डिप्टीसाहेब मैदानात शिरले, तर नानांनी त्यांना वाटेतच अडवलं. "बूट काढा साहेब. बूटमा जमीन समजस नही." साहेबांनी बूट काढले. माझी नोकरी कशी वाचली, देव जाणे.

त्या वर्षी अखाजीला शेजारच्या गावाशी सामना ठरला. अक्षय्यतृतीया हा आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, सगळं गाव मैदानाकडे लोटलेलं. आणि नाना अजून भेगा शोधत रांगत होते. नानांचे बाळमित्र भिकाआबा, एका पायाने लंगडणारे, त्यांचा नातू त्या दिवशी पहिल्यांदाच खेळणार होता. त्यामुळे नानांना साध्या चिरेतही विहीर दिसत होती.

ऊन कलायला लागलं. पाहुण्या गावचे पाटील चिडले. "खेळायचंय की पेरणी करायचीय?" त्यांनी परतायला गाडीला बैल जुंपायला सांगितले. मी नानांना विनवलं, पोरांनी विनवलं.

"आधी जमीन, मंग पोरे," नाना म्हणाले आणि आणखी एक टोपली रेती मागवली.

टोपली आणली ती भिकाआबांनी, लंगडत. ती देऊन ते माझ्याशेजारी टेकले.

"मास्तर, आम्ही पोरे व्हतूत तवय यानीच मना पाय मोडा," ते सहज म्हणाले. "हुतूतूमा मना आंगवर पडना. मंग यानी जेवण सोडी दिधं. नुसता रडे. मी सांगं, तुनी चूक नही, जमीनमा भेग व्हती."

"होती का?"

आबा हसले. "पाणकयाना दिन व्हतात. भेग कोठून येई? पण त्याले सांगू नका."

खरंच की. पावसात काळी जमीन फुगून मिटलेली असते. मला हसू आलं.

पाटलांचे बैल निघायच्या आत नाना उठले आणि डाव झाला. आमची पोरं सपाटून हरली. आबांचा नातू दोनदा आपटला आणि दोन्ही वेळा धूळ झटकून उठला. हरल्याचं दुःख नानांना मुळीच नव्हतं. सगळी पोरं आपापल्या पायांनी घरी निघाली होती, त्यांना तेवढंच हवं होतं.

मला राहवेना. मैदान रिकामं होताना मी विचारलं, "नाना, आबांचा पाय मोडला तेव्हा उन्हाळा होता का हो?"

नानांनी आधी आबा कुठे आहेत ते पाहिलं. ते लांब, पाटलांची समजूत घालत होते.

"पाणकया व्हता," नाना हळूच म्हणाले. "माले काय ठाऊक नही? पण भिका सांगस, भेग व्हती. इतला वरीस सांगी राहिना. मंग ती भराले नको?"

आणि ते गळ्यातली कडी एकेक सोडवून पोरांना देऊ लागले. शेवटचं कडं आबांच्या नातवाचं होतं. त्याचे दोन्ही घोटे नीट चाचपून पाहिले, आणि मगच नानांनी ते त्याच्या हातात घातलं.