वजाबाकीत सापडलेले आजोबा

घरात सगळ्यांत पक्का हिशेब आजोबांचा. चाळीस वर्षं गणित शिकवलेलं. त्यामुळे सूनबाईने केकसाठी आणलेली काळ्या चॉकलेटची अर्ध्या किलोची लादी ओट्यावर ठेवताना त्यांनी टेपच काढली. ओटा तीन फूट, पहिलवान खांद्यापाशी अडीच. "अर्ध्या फुटाने सुरक्षित," त्यांनी जाहीर केलं.

पहिलवान म्हणजे पन्नास किलोचा कुत्रा. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला की केवढा होतो, हे मोजायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्याखाली नुसता कागद उरला होता आणि पहिलवान धापा टाकत घरभर येरझाऱ्या घालत होता.

"एवढा मोठा देह, त्याला काय होतंय," असं आजोबा दवाखान्यात शिरेपर्यंत म्हणत होते.

"मोठा कुत्रा तुकड्यावर थांबत नाही, अख्खी लादी संपवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चॉकलेट त्याला विषच. थेट हृदयावर जातं. नेमकं किती खाल्लंय? त्यावर उपचार ठरणार."

"शंभर ग्रॅम मी केकला घेतलं होतं," सूनबाई म्हणाली.

"मी तीनशे खाल्लं," सात वर्षांची नात म्हणाली.

आजोबांनी घसा खाकरला. "मीसुद्धा थोडं. दीडशे."

सूनबाईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आजोबांना मधुमेह होता.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "साडेपाचशे झाले. म्हणजे कुत्र्याने पन्नास ग्रॅम परत आणून ठेवलं?"

नातीचा बांध फुटला. "मी खाल्लंच नाही. मी जास्त सांगितलं की त्याच्या वाट्याला कमी उरतं ना? आजोबांनीच शिकवलंय."

आजोबांना अभिमानही वाटला आणि घामही फुटला.

"म्हणजे अडीचशे," डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजेक्शन टोचलं. पहिलवानाने ओकून तसराळं भरलं, थोडं जमिनीवर, थोडं आजोबांच्या चपलेवर. "पोटातलं निघालं. पण अडीचशे म्हणजे फार. दोन दिवस इथेच राहील, सलाईनवर."

नातीने पहिलवानाच्या गळ्याला मिठी मारली आणि ती सोडेना. "त्याला एकट्याला नाही ठेवायचं."

आजोबांनी छताकडे पाहिलं, मग ओल्या चपलेकडे. अखेर अगदी हळू म्हणाले, "डॉक्टर, माझे दीडशे नव्हते. अडीचशे होते."

"बाबा?"

"दोन दिवसांत, सूनबाई. एकदम नाही."

डॉक्टरीणबाईंनी नवा आकडा लिहिला, पहिलवानाच्या छातीला नळी लावून बराच वेळ ठोके ऐकले. "मग धोका बराच कमी. ठोके असेच राहिले तर संध्याकाळी घरी न्या."

संध्याकाळी पहिलवान शेपूट हलवत गाडीच्या मागच्या सीटवर पसरला. नात त्याच्या पोटावर डोकं टेकून बसली. आजोबा पुढचं दार उघडायला गेले, तर ते आतून बंद.

सूनबाईने काच थोडी खाली केली. "पहिलवानाला मी नेते. तुम्ही चालत या, बाबा."