पोटाला कान

मोहोडकाका लहान पोरांच्या पोटाला कान लावत.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर आहे आणि त्याला लागून काकांची खोली. रिटायर्ड ऑडिटर, एकटेच. रोज सकाळी पाळणाघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. येईल त्या पोराचा शर्ट वर करून डोळे मिटायचे आणि ऐकायचे.

"बोलून राहिलं आतमधी. घरी ने याले, नाही तं चार घरं बसवते हे."

"बसवते म्हणजे?"

"आईच्या दोन रजा, बापाची एक, सलाईन, अन् आजीचं अमरावतीहून तिकीट. लाव हिशेब!"

आम्ही हसायचो. पण तिसऱ्या दिवशी चार घरं बसलेली असायची. नेमकी चार. मग हसू यायचं नाही.

त्या सोमवारी, मला चाळिशीत झालेल्या सईला पहाटे दोन उलट्या झाल्या. बुटीबोरीच्या कारखान्यात माझं काम कंत्राटी. आणखी एक रजा घेतली तर येऊच नका, असं बजावलेलं. मी तिला औषध पाजलं आणि काकांना चुकवून मागच्या दाराने आत सोडलं. बाहेर येऊन पाहते तर काका खुर्चीवरच, पाठ माझ्याकडे. मान मात्र कलती, लांबून ऐकत असल्यासारखी.

आठवड्यात सात घरं बसली. पोरं सांभाळणाऱ्या शेवंताबाई आठ दिवस अंथरुणात, मजुरी बुडाली. पालक जमले. ज्याच्या घरून दुखणं आलं त्याचं पोर पाळणाघरातून काढायचं ठरलं.

"काका, तुम्हाला तर कळतं. कोणाचं होतं?" एका बापाने विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मायंच. मायं पोट बिघडलं होतं, अन् मी पोरं जवळ घेऊन बसलो."

खुर्ची त्याच दिवशी उचलली गेली. शेवंताबाईंचे आठ दिवस काकांनी पेन्शनमधून भरून दिले. मी तिथेच उभी होते.

दोन वर्षांनी, परवा, धीर करून त्यांच्याकडे गेले. दार उघडं होतं. काका पाळणाघराकडच्या भिंतीला कान लावून उभे, डोळे मिटलेले. भिंतीवर तिथे कानाएवढा तेलकट डाग पडला होता.

"काका, तेव्हा आजारी माझी सई होती."

"मले माहीत आहे वं. चूप, ऐकू दे."

मी उभी राहिले. पलीकडे कुणी रडत होतं, कुणी हसत होतं.

"सई नाही का वं यात?"

"ती शाळेत जाते आता, काका."

"तरीच," ते भिंतीलाच म्हणाले. "दोन महिन्यांपासून ढुंढून राहिलो तिचा आवाज."