गाडीखालचा पुठ्ठा

थोरलीनं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, वडिलांच्या जुन्या गाडीखाली सरकवला आणि हात झटकत निकाल दिला, "रविवारपर्यंत यावर एक जरी डाग पडला, तरी गाडी विकायची. गिऱ्हाईक रविवारी सकाळीच येणार आहे. डाग नसेल तर त्याला मी स्वतः परत पाठवीन."

आप्पांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं. दुसऱ्याची चुकलेली वेलांटी त्यांना हातभर अंतरावरून दिसे, पण स्वतःच्या गाडीत त्यांना आजवर एकही चूक सापडली नव्हती.

"डाग कसला पडतोय! त्या दिवशी घाटात तापली ती उन्हामुळं."

"आप्पा, तुम्ही आणि आई दोघंच होतात. फोन लागत नव्हता. मी इकडं वेड्यासारखी येरझाऱ्या घालत होते." थोरलीनं पुठ्ठा पायानं आणखी आत ढकलला. "गाडी नसली तरी चालेल मला. तुम्ही दोघं हवे आहात."

आप्पांची बायको खिडकीतून म्हणाली, "विका एकदाचं ते डबडं!" पण गाडी घरात आली त्या दिवसापासूनच ती हे म्हणत होती, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून परत आल्यावर आप्पांनी गाडीखाली वाकून पाहिलं. पुठ्ठ्यावर बशीएवढा ओला डाग होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पुठ्ठा उलटा केला आणि ते तडक स्पेअरपार्टच्या दुकानात गेले.

"कूलंट हवंय, इंजिन गार ठेवायला."

"हिरवं देऊ का गुलाबी?" दुकानदारानं विचारलं.

"फरक काय?"

"रंगाचा."

"अहो, गुणाचा विचारतोय मी."

"ते गाडीच्या पुस्तकात बघायचं. रंगावर जायचं नाही. आणि एकात दुसरं मिसळायचं नाही हं, आत चिखल होतो."

ते पुस्तक आप्पांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. कूलंटच्या पानावर 'शीतक' शब्दाची वेलांटी चुकली आहे, हे त्यांना लख्ख आठवत होतं. पुढचं काही आठवेना. शेवटी डोळ्यांना बरं म्हणून त्यांनी हिरवं घेतलं.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. प्लॅस्टिकची टाकी इतकी पिवळी पडली होती की आत किती आहे ते बाहेरून कळत नव्हतं. पण गळलंय म्हणजे कमी झालं असणार, असा सरळ हिशोब करून ते तोंडाशी येईपर्यंत ओतत राहिले. संध्याकाळी फेरी मारून आले, इंजिन तापलं, आतला ऐवज फुगला आणि जास्तीचा गुपचूप खाली आला.

तो डाग थोरलीला दिसला. ऑफिसातून जाता जाता ती रोज तपासणीला येत असे. गाडीखाली वाकली, तर हिरवंगार थारोळं. ती जिंकली होती. आता घरात शिरून सांगायचं, की मिटलं. पण ती तिथंच बॉनेटला टेकून उभी राहिली.

लहानपणी सुट्टीत घाट चढताना गाडी अर्ध्यावर हमखास तापायची. आप्पा म्हणायचे, "दम खातेय बिचारी." मग बॉनेट उघडायचं, आई डबा उघडायची, आणि एरवी कामात बुडालेले आप्पा कठड्यावर बसून मुलींना जोडाक्षरांची कोडी घालायचे. पोहोचायचं कुठं होतं हे थोरलीला आता धड आठवतही नव्हतं. थांबलेलं मात्र सगळं आठवत होतं. आपण काय विकायला निघालोय, या विचारानं तिला एकदम भरून आलं.

डोळे पुसून ती त्याच दुकानात गेली.

"गुलाबी घ्या," दुकानदार म्हणाला. "नव्या गाड्यांना हेच चालतं."

"माझी जुनी आहे हो."

"मग तिलाही जरा नवं वाटेल."

थोरलीनं गुलाबी ओतलं. पुरावा झाकायला पुठ्ठा उलटा केला, तर खालच्या बाजूला आधीचाच एक डाग! म्हणजे गळती तिला वाटली होती त्याहून जुनी होती. तिनं पुठ्ठ्याच्या चिंध्या केल्या आणि शेजाऱ्यांकडून दुसरं खोकं मागून आणलं.

त्यानंतर आप्पा रोज दुपारी हिरवं ओतत आणि थोरली रोज संध्याकाळी गुलाबी. जितकं ओतावं तितकं गळे आणि जितकं गळे तितकं दोघं घाबरून आणखी ओतत. शनिवारपर्यंत गल्लीतली सगळी खोकी संपली.

रविवारी उजाडता उजाडता आप्पा बाटली घेऊन गाडीशी आले. झाकण उघडतात तोच फाटक वाजलं. ते झटकन गाडीमागं उकिडवे बसले. थोरली दबकत आली, टाकीत डोकावली आणि किंचाळली, "अगं बाई! हा चहा कोणी ओतला?"

"चहा?" आप्पा पटकन उठले. दोघांनी एकमेकांच्या हातातल्या बाटल्या पाहिल्या.

"तुम्ही?"

"तू?"

"पण आप्पा, मी ओतायच्या आधीही डाग होता!"

"अगं, मी ओतायच्या आधीही होता!"

तेवढ्यात घराचं दार करकरलं आणि पाण्याचा जग सांभाळत आप्पांची बायको पायऱ्या उतरली. या दोघांना पाहून ती जागच्या जागी थबकली.

"आई, तू पण?"

"पुठ्ठा घातलास त्या दिवसापासून पाजतेय," ती म्हणाली. "उपाशी राहून तापायला नको, म्हणून काठोकाठ भरते. थोडं सांडतं."

आप्पा थक्क झाले. "म्हणजे गळत नव्हतीच? आणि तू तर उठल्याबसल्या तिला डबडं म्हणतेस!"

"म्हणते की. तुम्हालाही इतकी वर्षं काय काय म्हणत आलेय. विकलं का कधी?"

थोरली हसता हसता रडू लागली आणि आईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "जरा दुरुस्त करून घ्या," ती आप्पांना म्हणाली, "आणि पुढच्या वेळी घाटात हिलाही सोबत न्या. म्हणजे घरी येरझाऱ्या नकोत."

"आतलं सगळं काढून धुवून घ्यावं लागेल," थोरली नाक ओढत म्हणाली. "मी नेते गॅरेजला. आणि आप्पा, त्या पुस्तकात बघून एकच काय ते भरू."

इतक्यात फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी लांबूनच गाडीवर नजर फिरवली आणि खूश होऊन मान डोलावली.

"वा! चांगली ठेवलीये. मी आज घेऊनच जातो. एकच विचारायचं होतं, गळतबिळत नाही ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या घरात कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

"फार गळते हो!"