मुग्धाच्या गाण्याची तपासणी

आमच्या शेजारचे सामंत काका स्क्रूड्रायव्हरने ऐकतात. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. त्यांनी ऐकल्याशिवाय पंप दाराबाहेर पडत नसे. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर पंप नाहीत, म्हणून ते आमचा मिक्सर आणि लिफ्ट ऐकतात. एकदा माझ्या सासूबाईंच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्याकडे त्यांनी असं काही पाहिलं, की त्या उठून आतच गेल्या.

"आधी ऐकायचं, मग बोलायचं," हे काकांचं ब्रीद.

ते त्यांनी माझ्या माहितीत एकदाच मोडलं. त्यांची मुलगी मुग्धा शास्त्रीय गाणं शिकलेली. दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून ती लंडनला हाऊस म्युझिक, म्हणजे क्लबात नाचायला लावतात ते ठोक्यांचं संगीत, गायला निघाली. काका एक ओळही न ऐकता म्हणाले, "गोंगाट आहे तो." काकू आधीच गेलेल्या, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं हवापाण्यापुढे सरकलं नाही.

मग एका सोमवारी तिने तिचं पहिलं गाणं पाठवलं. खाली एवढंच लिहिलेलं: "बाबा, रविवारी फोन करते. कसं झालंय ते खरं सांग."

त्याच दिवशी काकांनी स्पीकर आणला आणि आमची भिंत धडधडायला लागली. संध्याकाळी मला बोलावणं आलं.

"सर, यात मुखडा कुठला?"

"काका, मी भूगोल शिकवतो."

"मोजून पाच शब्द, तेही तेच तेच. रेकॉर्ड अडकली म्हणावं, तर ठोका एका जागी चुकत नाही. तुम्हाला आवडलं?"

माझा पाय हलत होता हे खरं. पण त्याला आवडणं म्हणतात का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवारी सोसायटीचा सत्यनारायण होता. चार माणसांचं मत मिळावं म्हणून काकांनी आरती संपल्यासंपल्या लाउडस्पीकरवर मुग्धाचं गाणं लावलं. गुरुजी गोंधळले आणि पुन्हा घंटा वाजवू लागले. ती नेमकी ठोक्यावर बसली. प्रसादाची रांग नकळत डुलायला लागली. शिऱ्याची मूद हातात घेऊन काका प्रत्येकाला विचारत होते. "मुलीचा आवाज गोड आहे हो, पण मधे मधे येतो," असं तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या. काका आणखीच गोंधळले.

शनिवारी मी म्हटलं, "सरळ छान आहे म्हणून मोकळे व्हा ना."

"सर, न ऐकता एकदा नापास केलंय," ते म्हणाले. "आता न कळता पास करू?"

मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

रविवारी फोनच्या आधी आम्ही दोघं ऐकायला बसलो. काकांनी स्क्रूड्रायव्हर स्पीकरला लावला. गाण्यात एका जागी ठोके थांबतात. तिथे त्यांनी हात वर केला. "परत लावा."

मी लावलं. त्यांनी मूठ माझ्या कानाला धरली. ठोके थांबले आणि मुग्धाने घेतलेला एक लांब श्वास ऐकू आला. मग सूर.

"लहानपणी दमा होता तिला," काका म्हणाले. "पाठीला कान लावून बसायचो मी. आत शिट्टी वाजायची."

तेवढ्यात फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, ऐकलंस?"

"ऐकलं. आठवडाभर ऐकलं. मला गाणं कळलं नाही, मुग्धा."

मी खाली बघायला लागलो.

"पण ठोके थांबतात तिथे तू श्वास घेतेस. तो पूर्ण आत जातो. शिट्टी नाही. आणि तेव्हा मी न ऐकता बोललो, ते चुकलं."

पलीकडून काहीच येईना. लाइन तुटली की ती रडते आहे, मला कळेना. काकांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून स्क्रूड्रायव्हरचं टोक फोनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.