सरांदीसच्या पाहुण्यांचा उपास

तीन दिवसांत आपलं बेट पाहुण्याला कसं दाखवावं, हे साऱ्या लिथारी बेटावर फक्त एका माणसाला कळतं, असं सरांदीस कॉफीच्या दुकानात रोज सांगत असे. तो माणूस कोण, हे विचारायचे कष्ट कुणाला पडू नयेत म्हणून तेही तोच सांगून टाकी.

त्याच्या घराला वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि त्या तो पाहुण्यांना देई. इतर घरमालक पाहुण्याच्या हातात नकाशा कोंबून मोकळे होत. सरांदीसचं तसं नव्हतं. पाहुणा बोटीतून उतरला की सोनाराने नाणं पाहावं तसा तो त्याला आधी पाहून घेई, आणि मग ठरवी: याला मासेमारी, याला चीज, याला नुसतं झाडाखाली झोपवायचं. अनुभव हा जोड्यासारखा असतो, मापाचाच द्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

यंदाचे पहिले पाहुणे ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी येऊन पोचले. फिनलंडचे पेन्ती आणि त्याची बायको आइला. दोघंही साठीपलीकडची, ताडमाड उंच, आणि अबोल इतकी की यांचं भांडण झालंय असं समजून बोटीवरच्या खलाशाने त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं होतं. मुक्काम तीन दिवसांचा. सरांदीसने जेट्टीवरच बेत आखून टाकला. मंगळवारी मानोलिओसच्या होडीतून मासेमारी, बुधवारी डोंगरावर धनगराकडे चीज, गुरुवारी जुन्या भट्टीतला पाव. शुक्रवारी सकाळी माणसं जन्मभराच्या आठवणी घेऊन परत!

त्याची बायको कालिरोई म्हणाली की रविवारी पोरीचं लग्न आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही, हे लचांड याच आठवड्यात कशाला? सरांदीस म्हणाला, तू फक्त बघत राहा.

लग्न त्यांच्या अर्गिरोचं होतं. मुलगा मिनास, खाली बंदराला लागून राहणाऱ्या झाम्बेताचा एकुलता एक. झाम्बेता म्हणजे बुटकी, गोल, काळ्या पोशाखातली विधवा बाई. तिचा राग बंदरातल्या नांगरासारखा होता. एकदा रुतला की चार माणसं लावून ओढावा लागे. आणि लिथारीचा रिवाज असा की लग्नाचा मोठा पाव मुलाच्या आईने स्वतःच्या हाताने मळून वधूच्या घरी आणायचा. तो पाव दारात आल्याशिवाय पाद्री वधूवरांच्या डोक्यावर ठेवायचे लग्नाचे मुकुट हातात घेत नाही. म्हणजे सगळं लग्न त्या बाईच्या दोन मुठींत होतं.

मंगळवारी सकाळी नऊला मंडळी निघाली. सरांदीसचं घर गावाच्या माथ्यावर, पवनचक्कीपाशी. तिथून एकच पायऱ्यांची गल्ली बंदरात उतरते आणि गल्लीवर एकोणीस दारं आहेत. उतरायला दहा मिनिटं पुरतात. होडी दहाला सुटणार होती.

पण एक गोष्ट सरांदीसच्या ध्यानातून साफ निसटली. ऑगस्टात बेटावर पाहुण्यांचा एवढा सुळसुळाट असतो की कुणी कुणाला पाणी विचारत नाही. हे पाहुणे मात्र वर्षातले पहिले होते. सहा महिने गावात नवा चेहरा फिरकला नव्हता, आणि दारावरून जाणाऱ्या पाहुण्याला घरचा मुरंबा आणि गार पाणी दिल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, हा तर तिथला धर्म. पाहुण्यानेही तो नाकारायचा नसतो. नाकारला तर त्याचा अर्थ एकच होतो, की या घरातल्या बाईचे हात स्वच्छ नाहीत. हिवाळाभर बायकांनी संत्र्याच्या साली, द्राक्षं, चेरी, चिमुकली वांगी, जे मिळेल ते पाकात घालून ठेवलं होतं. एकोणीस घरांतल्या एकोणीस बरण्या, उंदरावर टपलेल्या मांजरासारख्या, पाहुण्यांची वाट पाहत बसल्या होत्या.

पहिल्या दारात लिंबाचा मुरंबा. दुसऱ्या दारात चेरी, आणि ईस्टरचं लाल अंडं. तिसऱ्या दारात वांगी, गोड पाव आणि दोन अंडी. पेन्ती प्रत्येक वेळी कमरेत वाकून आभार मानी, आणि एवढा सभ्य पाहुणा पाहून बायका आणखी एक चमचा वाढत. नवव्या दारापाशी त्याचे खिसे अंड्यांनी इतके फुगले की चालताना तो बाजूला हात पसरून, विहिरीवरून दोन घागरी आणणाऱ्या माणसासारखा चालू लागला. तेराव्या दारात आइलाने डोळे मिटून घेतले. होडी केव्हाच गेली होती. एकोणिसावं दार झाम्बेताचं. तिथे ते दीड वाजता पोचले.

झाम्बेता सकाळपासून उंबऱ्यात बसून होती. होणाऱ्या व्याह्यांचे पाहुणे येणार म्हणून तिने चांदीचं तबक काढलं होतं आणि तबकात कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा होता. हे अक्रोड आठवडाभर पाणी बदलत भिजवावे लागतात, हाताची बोटं महिनाभर काळी राहतात. साऱ्या बेटावर तो तिच्यासारखा कुणाला जमत नाही.

पेन्तीने तबकाकडे पाहिलं. मग पोटावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून मान हलवली. इथे सरांदीस गप्प राहिला असता तरी निभावलं असतं. पण तो मदतीला धावला.

"राहू द्या विहीणबाई. पोटं भरलीत त्यांची. वरून खातच आलेत."

झाम्बेताने तबकावर फडकं टाकलं.

"अठरा घरचं खाताना पोटात जागा होती. माझ्या दारात आल्यावर संपली?" ती म्हणाली. "ठीक आहे, व्याही. ज्या हातांचा मुरंबा चालत नाही, त्या हातांचा पाव तरी कसा चालेल?"

आणि दार लागलं. जोरात आपटलं असतं तर सरांदीसला हायसं वाटलं असतं. ते हळू लागलं.

संध्याकाळी घरात अर्गिरो रडत होती. कालिरोई नवऱ्याकडे बघत नव्हती, तो उभा होता तिथल्या भिंतीकडे बघत होती. मिनास निरोप घेऊन आला, की आईने पिठाचं पोतं परत दुकानात पाठवलं आहे. सरांदीस रात्रभर तळमळला आणि पहाटे त्याला उपाय सुचला. उपाय सोपा होता. पाहुण्यांना पुन्हा झाम्बेताच्या दारात न्यायचं. पण या वेळी कडकडीत उपाशी!

सकाळी पाहुणे खाली आले तेव्हा टेबलावर फक्त पाण्याचा तांब्या होता. सरांदीसने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना समजावलं, की आज चीज रद्द, त्याऐवजी बेटाचा फार जुना उपास आहे. सहसा बाहेरच्यांना करायला मिळत नाही. पेन्ती आणि आइलाने गंभीरपणे माना डोलावल्या. कालिरोईने आत येऊन क्रॉसची खूण केली. चाळीस दिवसांचा उपास शनिवारी सुटला, या आठवड्यात उपाशी राहणं हे पाप आहे आणि पोरगी ज्या चर्चमध्ये चार दिवसांनी उभी राहायची त्याच चर्चच्या देवाची तू चेष्टा करतोयस, असं ती म्हणाली. सरांदीस म्हणाला की देव समजून घेईल, झाम्बेता घेणार नाही.

आता अडचण गल्लीची. गल्लीने गेलं की अठरा दारांत पुन्हा पोटं भरणार. म्हणून सरांदीसने त्यांना घरांच्या मागून, गाढवाच्या वाटेने नेलं. खिडकी आली की "वाका" म्हणायचा. दोन ताडमाड फिनलंडवासी दगडी कुंपणांच्या आडून वाकून चालले होते आणि पुढे सरांदीस, कोंबडीचोरासारखा. खाली पोचतात तो झाम्बेताच्या झडपा बंद. शेजारीण म्हणाली, ती वरच्या वाडीत बहिणीकडे गेली. मग ओढ्याच्या पात्रातून वरच्या वाडीला. तिथे बहीण म्हणाली, आत्ताच खाली गेली, आणि या सगळ्यांना बसवून तिने मुरंब्याची बरणी उघडली. सरांदीसने पाहुण्यांच्या दंडांना धरून अक्षरशः पळ काढला.

दुपारी तीनला ते पुन्हा बंदराशी आले, तर झाम्बेताच्या झडपा अजून बंदच. पाहुण्यांच्या पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं. झाम्बेताच्या परसामागे एक अंजिराचं झाड होतं. त्याच्या सावलीत सरांदीसने दोघांना बसवलं, इथून हलू नका आणि कुणी काही दिलं तर घेऊ नका असं बजावलं, आणि तो विहीणबाईंना शोधायला बाजारपेठेकडे धावला.

तासाभराने हात हलवत परत आला तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. फक्त आइलाची टोपी.

सरांदीसने टोपी उचलली. उपाशी माणसं, कडेला ओढ्याची घळ. त्याने घळीत वाकून दोन हाका मारल्या. घळीने त्याचीच हाक परत केली. तो तसाच चर्चकडे धावला आणि घंटेच्या दोराला लोंबकळला. पण ईस्टरच्या आठवड्यात मनाला येईल त्याने आनंदाने घंटा वाजवायची असते, त्यामुळे गाव ऐकत राहिलं आणि कौतुकाने हसलं. सरांदीसने घंटा आणखी जोरात बडवली. ती थांबेना, तेव्हा एवढा आनंद झालाय तरी कुणाला हे बघायला सगळं गाव चर्चपाशी जमलं. कालिरोई आणि अर्गिरोही आल्या.

पाहुणे घळीत पडले, एवढंच सरांदीसच्या तोंडून बाहेर पडलं. मग दोर, शिड्या, एक स्ट्रेचर आणि गाढव, असं सारं घेऊन सगळे घळीकडे निघाले. वाट झाम्बेताच्या परसावरून जाते. परसात, द्राक्षाच्या मांडवाखाली, पेन्ती बाह्या सरसावून बसला होता.

झालं होतं ते असं. ते दोघं अर्धा तास झाडाखाली भुकेने कळवळत बसले. पेन्तीने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण शेवटी तो उठला, सगळ्यात जवळचं जे मागचं दार होतं ते त्याने वाजवलं, आणि झाम्बेताने दार उघडताच तोंडापाशी बोटं नेऊन दाखवली. झाम्बेता वाटेत चार ठिकाणी थांबत नुकतीच वाडीतून परतली होती. साठ वर्षांत त्या बेटावर सगळ्यांनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं होतं. कुणी आपणहून दारात येऊन मागितलं, असं तिने पाहिलं नव्हतं. तिने अक्रोडाची बरणी आणली. पेन्तीने अकरा अक्रोड खाल्ले. मग कोकराचं उरलेलं मटण, चण्याची आमटी, पाव, आणि पुन्हा बरणी. बरणी आता रिकामी होती आणि आइला तिच्यात बोट फिरवत होती.

झाम्बेता गावासमोर येऊन उभी राहिली. तिचे गाल लाल अंड्यासारखे चमकत होते.

"व्याही," ती म्हणाली, "तुमच्या घरचे पाहुणे माझ्या मागच्या दारी उपाशी आले. सकाळपासून पोटात अन्न नाही, असं खुणांनी सांगतात. हे खरं?"

गावाने सरांदीसकडे पाहिलं. खरं सांगावं, तर पाहुणे मुद्दाम उपाशी ठेवून तिच्याच दारात न्यायचे होते, हे तिला कळणार. म्हणजे ती भूक खरी नव्हती, व्याह्याने लावलेली होती, असं होणार. नांगर पुन्हा रुतला, तर रविवारपर्यंत चार काय, चाळीस माणसांनी निघणार नाही. त्याने अर्गिरोकडे पाहिलं. मग कालिरोईकडे बघायचं टाळलं.

"खरं आहे," तो म्हणाला. "घरात काही नव्हतं."

गल्लीतल्या अठरा बायकांनी एकदम श्वास आत घेतला. कालिरोईच्या फडताळात त्या क्षणी दोन चीजची चाकं, अर्धं कोकरू आणि साठ लाल अंडी होती.

"अरे देवा," झाम्बेताचा आवाज एकदम मऊ झाला. "मग सांगायचं नाही का? आता आपण सोयरे. जा रे मिनास, ते पोतं परत आण. पाव मी दुप्पट मोठा करते. बिचाऱ्या पोरीच्या घरी तेवढाच आधार."

तेव्हापासून गुरुवार संध्याकाळपर्यंत सरांदीसच्या घरी पातेली येत राहिली. अठरा घरांतून अठरा पातेली, वर फडकं, सोबत हळहळ. घरात काही नसताना माणूस वाकून वाकून मागच्या वाटेने का फिरत होता, हेही गावाला आता उमगलं होतं. लाज, दुसरं काय. कॉफीच्या दुकानात त्याच्या कॉफीचे पैसे कुणी घेईना, आणि पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, संकोच करू नकोस, असं सांगितलं.

शुक्रवारी जेट्टीवर पेन्तीने सरांदीसचा हात दोन्ही हातांत घेतला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, आम्ही बरेच देश फिरलो, पण सगळीकडे नुसतं खायला घालतात. तुमच्या इथला उपास विसरणार नाही. पुढच्या वर्षी तो किती तारखेला असतो?

रविवारी लग्न लागलं. पाव एवढा मोठा होता की तो दारातून तिरका करून आत घ्यावा लागला. अर्गिरो हसत होती, मिनास हसत होता, झाम्बेता हसता हसता रडत होती आणि प्रत्येक पाहुण्याला सांगत होती की फिनलंडात तिच्या अक्रोडांचं नाव झालंय. जो तो सरांदीसच्या टेबलावरून जाताना त्याच्या ताटात काहीतरी वाढून जाई. कुणी मांसाचा तुकडा, कुणी बदामाची मिठाई, आणि पाठीवर हलकी थाप. नाकारायची सोय नव्हती.

कालिरोई बुधवारपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती समोर आली. तिच्या हातात तबक होतं, तबकात मुरंब्याची वाटी आणि पाण्याचा पेला.

"घ्या हो," ती चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "घरी काही मिळत नाही म्हणे तुम्हाला."

सरांदीसने पट्टा एक भोक सैल केला आणि चमचा उचलला.